मधली सुट्टी संपतच नाही तेव्हा : नैराश्य आणि मेंदूतील जाळ्यांची जोडणी



"पूर्वी किती हुशार होता, आता आळशी झालाय." "नुसती विचार करत बसते, अभ्यासाला बस म्हटलं की डोळ्यांत पाणी." "सगळं तर मिळतंय, मग दुःख कसलं?" ही वाक्यं आपल्या स्टाफरूममध्ये, पालकसभेत आणि घरातही सर्रास ऐकू येतात. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण ज्या मुलाबद्दल आपण बोलतोय ते मूल खरोखर नैराश्याने आजारी असेल, तर असा एक शेरा त्याचे उपचार कित्येक महिने लांबवू शकतो.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यानुसार भारतात साधारण २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं, आणि अशा सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. १३ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक आजार असण्याचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात साधारण चार मुलं. आपल्या वर्गातलीच मुलं, बरं का!

म्हणून आजच्या पाठात आपण बघू या की नैराश्यात मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधली जोडणी कशी बदलते, हे शास्त्रज्ञांना कसं कळलं, त्यातलं पक्कं किती आणि कच्चं किती, आणि या माहितीचा शाळेत व घरी काय उपयोग.

१. नैराश्य म्हणजे नक्की काय?

वाईट निकाल लागला, मैत्रीण बोलेनाशी झाली, आजी गेली की मन उदास होतं. हे दुःख आहे, आजार नाही. डॉक्टर ज्याला तीव्र नैराश्य म्हणतात, त्याचे निकष ठरलेले आहेत. पुढील नऊ लक्षणांपैकी निदान पाच लक्षणे सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज दिसली पाहिजेत :

१) दिवसातला बहुतेक वेळ उदास मन
२) पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस संपणे
३) भूक किंवा वजनात बदल
४) झोप न लागणे किंवा खूप झोपणे
५) हालचाली मंदावणे किंवा एका जागी स्वस्थ न बसवणे
६) सतत थकवा
७) आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे किंवा विनाकारण अपराधी वाटणे
८) लक्ष न लागणे, साधा निर्णयही न घेता येणे
९) मरणाचे किंवा आत्महत्येचे विचार

या पाचांत पहिलं किंवा दुसरं लक्षण असायलाच हवं, आणि त्यामुळे रोजचं जगणं अडायला हवं. मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा : त्यांच्यात उदासीऐवजी चिडचिडेपणा दिसू शकतो. आपण ज्याला "उद्धट झालाय" म्हणतो, त्याच्या मागेही कधीकधी हा आजार असतो.

आता या यादीकडे पुन्हा एकदा बघा. झोप, भूक, लक्ष, हालचाल, आनंद, स्वतःबद्दलचे विचार... हे सगळं मेंदूच्या एकाच कोपऱ्यात होणं शक्य आहे का? नाही ना? इथूनच आपला खरा विषय सुरू होतो.

२. मेंदूचे भाग वेगळे, काम मिळून

पाठ्यपुस्तकात आपण मेंदूची आकृती शिकवतो. मागचा भाग दृष्टीचा, बाजूचा ऐकण्याचा, कपाळामागचा विचारांचा. परीक्षेसाठी ते ठीक आहे. पण मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि एकमेकींशी बोलल्याशिवाय त्यांचं काही चालत नाही. साधं फळ्यावरचं वाक्य वहीत उतरवायचं तरी डोळ्यांचा, भाषेचा, स्मरणाचा आणि हाताचा असे सगळे भाग एका तालात यावे लागतात. असे एकत्र काम करणारे भाग म्हणजे मेंदूतलं एक "जाळं". असं जाळं म्हणजे एक संघ समजा. खो-खोच्या संघात प्रत्येक खेळाडू चांगला असूनही ताळमेळ बिघडला की सामना जातो, तसंच मेंदूचंही होऊ शकतं.

नैराश्याबद्दल आपण बहुतेकांनी "मेंदूतलं एक रसायन कमी होतं" एवढंच ऐकलेलं असतं. रसायनांचा संबंध आहेच, पण तेवढ्याने हा आजार पुरता उलगडत नाही. म्हणून गेल्या २५-३० वर्षांत संशोधकांनी या जाळ्यांच्या जोडणीकडे लक्ष वळवलं.

३. जोडणी मोजतात तरी कशी?

एमआरआय यंत्र आपल्याला माहीत आहे. १९९० मध्ये सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की रक्तातल्या प्राणवायूच्या प्रमाणातला फरक याच यंत्राने टिपता येतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त जास्त जातं, आणि चित्रात तो भाग उठून दिसतो. यालाच फंक्शनल एमआरआय म्हणतात.

१९९५ मध्ये भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल यांनी एक नवल नोंदवलं. माणूस यंत्रात नुसता पडून आहे, काहीही करत नाही. तरीही उजवा हात हलवणारा मेंदूचा भाग आणि डावा हात हलवणारा भाग यांतली रक्ताची सावकाश होणारी चढउतार एकाच तालात चालली होती! अशा चढउतारांना तोवर बरेच जण यंत्रातला किंवा श्वासाचा "गोंगाट" समजून सोडून देत. बिस्वाल यांनी दाखवलं की या गोंगाटातच माहिती दडलेली आहे.

ही कल्पना वर्गात समजवायला आपल्याकडे एक उत्तम साधन आहे : हजेरीपट.

समजा, दहा दिवसांच्या हजेरीत अनिता ३, ४ आणि ८ तारखेला गैरहजर आहे. सुनीलही ३, ४ आणि ८ तारखेलाच गैरहजर. किरण मात्र १, ६ आणि ९ तारखेला गैरहजर. अनिता आणि सुनील यांची हजेरी दहापैकी दहा दिवस जुळते. अनिता आणि किरण यांची दहापैकी चारच दिवस. अनिता आणि सुनीलला एकत्र चालताना आपण कधी पाहिलेलं नाही, पण अंदाज बांधतो की यांचा काहीतरी संबंध आहे. मेंदूतली "कार्यात्मक जोडणी" म्हणजे नेमकं हेच. दोन भागांची चढउतार जेवढी जुळते, तेवढी त्यांची जोडणी घट्ट, असं मानलं जातं.

आता मुलांना पुढचा प्रश्न विचारा. अनितामुळे सुनील येत नाही, की सुनीलमुळे अनिता? कदाचित दोन्ही नाही! दोघंही एकाच वाडीतून येतात आणि त्या दिवशी एसटीच आली नव्हती, असंही असेल. हजेरी जुळते एवढंच हजेरीपट सांगतो, ती का जुळते हे सांगत नाही. मेंदूच्या संशोधनातही हीच मर्यादा आहे. यंत्रात डोकं किंचित हललं, तरी खोट्या जोडण्या दिसू शकतात, हे २०१२ च्या सुमारास चांगलंच लक्षात आलं. आणि लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

४. तीन जाळी : मधली सुट्टी, तास आणि घंटा

मेंदूत अशी अनेक जाळी आहेत. नैराश्य समजून घ्यायला त्यांतली तीन महत्त्वाची. आपण त्यांना शाळेच्या भाषेत समजून घेऊ.

मधली सुट्टी (डिफॉल्ट मोड नेटवर्क). २००१ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील मार्कस रायकल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की माणूस बाहेरचं काम करू लागला की मेंदूचे काही भाग शांत होतात आणि काम थांबलं की पुन्हा जागे होतात. कपाळामागचा मधला भाग आणि मेंदूच्या मागच्या बाजूचा मधला भाग हे यातले मुख्य. आपण स्वतःबद्दल विचार करतो, जुन्या आठवणी काढतो, उद्याची चित्रं रंगवतो, "ती माझ्याबद्दल काय म्हणाली असेल?" असा विचार करतो, तेव्हा हे जाळं जोरात असतं. हे जाळं वाईट नाही. मधल्या सुट्टीशिवाय शाळा कशी चालेल?

तास (कार्यकारी जाळं). कपाळामागचे बाजूचे भाग आणि डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचे भाग मिळून हे जाळं बनतं. गणित सोडवणं, सूचना लक्षात ठेवणं, मोह आवरणं, नको तो विचार बाजूला ठेवणं ही याची कामं.

घंटा (सेलियन्स नेटवर्क, म्हणजे महत्त्व ठरवणारं जाळं). "आत्ता कशाकडे लक्ष द्यायचं?" हे ठरवणारं जाळं. बाहेरचा आवाज, पोटातली भूक, छातीतली धडधड, यांतलं महत्त्वाचं काय ते हे निवडतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातील विनोद मेनन यांनी २०११ मध्ये ही तीन जाळी एकत्र मांडून एक आराखडा दिला. त्यात हे जाळं मधल्या सुट्टीतून तासाकडे आणि तासातून सुट्टीकडे नेणाऱ्या घंटेसारखं काम करतं. शिपाईमामांनी वेळेवर घंटा दिली तर शाळा सुरळीत, नाही तर सगळा गोंधळ.

५. नैराश्यात काय बिघडतं?

मधली सुट्टी संपत नाही. आणि ही सुट्टी आनंदाचीही नसते. २००९ मधल्या एका अभ्यासात नैराश्य असलेल्या लोकांना नकोशी चित्रं दाखवून काम दिलं, तेव्हा त्यांचं डिफॉल्ट जाळं इतरांसारखं शांत झालं नाही. घंटा झाली तरी मुलं मैदानावरच, असं काहीसं. यालाच जोडून एक लक्षण येतं, तेच ते विचार पुन्हा पुन्हा चघळणं. "मी तसं का बोललो?", "माझ्यातच काहीतरी कमी आहे", "आता काही होणार नाही." गाय रवंथ करते तसे हे विचार फिरून फिरून वर येतात. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलन-होक्सेमा यांनी १९९१ पासून दाखवून दिलं, की असं चघळत राहिल्याने उदासी लांबते आणि वाढते. बाहेरून मात्र आपल्याला काय दिसतं? एक मूल पुस्तक उघडून शून्यात बघत बसलंय!

दुःखाचा एक भाग या सुट्टीत सामील होतो. कपाळामागे, दोन्ही गोलार्धांच्या मधल्या भिंतीत अगदी खालच्या बाजूला एक छोटा भाग आहे, सबजेन्युअल सिंग्युलेट. हेलन मेबर्ग यांच्या १९९९ च्या अभ्यासात निरोगी माणसांनी दुःखद आठवण काढली की हा भाग जास्त काम करू लागला, आणि नैराश्यातून बऱ्या झालेल्या रुग्णांत तो शांत झाला. २००७ मध्ये मायकल ग्रायशियस आणि सहकाऱ्यांना दिसलं, की नैराश्यात हा भाग डिफॉल्ट जाळ्याशी नेहमीपेक्षा जास्त जोडला जातो. म्हणजे स्वतःचा विचार आणि दुःखाची भावना जणू एकमेकांना चिकटतात. स्वतःबद्दल काहीही आठवलं तरी सोबत दुःख येतंच.

तास घेणारं जाळं सैल पडतं. २०१५ मध्ये २७ माहितीसंच एकत्र करून, म्हणजे नैराश्य असलेले ५५६ आणि निरोगी ५१८ लोक मिळून, एक मोठा आढावा घेतला गेला. त्यात कार्यकारी जाळ्यातली जोडणी कमी आणि डिफॉल्ट जाळ्यातली जास्त आढळली. लक्ष न लागणं, साधी दोन-चार कामंही डोंगराएवढी वाटणं, ठरवूनही विचार न थांबणं, या तक्रारींशी हे चित्र जुळतं. म्हणून "मन लावून अभ्यास कर" हा सल्ला अशा मुलाला फारसा उपयोगी पडत नाही. मन लावण्याची जी यंत्रणा आहे, तीच तर थकलेली आहे.

आनंदाची वाट अरुंद होते. मेंदूच्या आत खोलवर बक्षिसाची, आवडीची जाणीव देणारे भाग आहेत. त्यांची आणि कपाळामागच्या भागांची जोडणीही अनेक अभ्यासांत कमी आढळली. क्रिकेटवेड्या मुलाने बॅटला हात न लावणं, चित्रं काढणाऱ्या मुलीची वही महिनोन्‌महिने कोरी राहणं, याच्या मागे हे असू शकतं.

६. पण थांबा, सगळेच अभ्यास एक सांगत नाहीत

विज्ञान शिकवताना आपण मुलांना नेहमी सांगतो, की एका प्रयोगावर विसंबू नका. इथे त्याचं उत्तम उदाहरण आहे.

२०१९ मध्ये चीनमधल्या २५ संशोधन गटांनी आपली माहिती एकत्र केली. नैराश्य असलेले १,३०० आणि निरोगी १,१२८ लोक. २०१५ च्या आढाव्यात डिफॉल्ट जाळ्यातली जोडणी जास्त दिसली होती, इथे मात्र ती कमी निघाली! आणि तीही फक्त ज्यांना नैराश्य पुन्हा पुन्हा आलं होतं त्यांच्यात. ज्यांना पहिल्यांदाच आजार झाला होता आणि ज्यांनी औषध घेतलं नव्हतं, त्यांच्यात हा फरक दिसला नाही. ही घट औषधोपचाराशी निगडित असल्याचंही आढळलं.

मग खरं कोण? दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. पण नैराश्य हा एकच आजार आहे, हे गृहीतच कदाचित चुकीचं असेल. वरच्या नऊ लक्षणांपैकी कोणतीही पाच म्हटलं, की दोन रुग्णांची लक्षणं बरीच वेगळी असू शकतात. एकाला झोप येत नाही, दुसरा दिवसभर झोपतो, आणि दोघांच्या कागदावर निदान एकच. ताप आला म्हणजे मलेरिया की टायफॉइड हे जसं ठरवावं लागतं, तसंच इथेही पोटप्रकार शोधावे लागतील. २०१७ मध्ये एका गटाने जोडणीवरून नैराश्याचे चार प्रकार मांडले. त्यावर खूप चर्चा झाली, पण २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तीच पद्धत तपासली तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने सहा प्रकार मांडले. हे काम अजून चालूच आहे.

७. घंटेचं जाळं : २०२४ ची एक महत्त्वाची नोंद

सप्टेंबर २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यांनी पद्धत बदलली. शंभर जणांची सरासरी काढण्याऐवजी एकाच माणसाला अनेकदा यंत्रात तपासून त्याचा स्वतःचा नकाशा तयार केला. निबंधाची एकच वही तपासून मुलाला गुण देण्याऐवजी वर्षभराच्या वह्या बघाव्यात, तसं. त्यात दिसलं, की नैराश्य असलेल्या बहुतेकांमध्ये महत्त्व ठरवणाऱ्या जाळ्याने, आपल्या भाषेत घंटेने, मेंदूच्या पृष्ठभागावर जवळजवळ दुप्पट जागा व्यापलेली आहे.

यात आपल्यासाठी दोन गोष्टी मोलाच्या. पहिली, मन बरं असतानाही हे क्षेत्र मोठंच राहिलं. मनःस्थितीप्रमाणे ते बदललं नाही. दुसरी, ज्या मुलांना पुढे किशोरवयात नैराश्य आलं, त्यांच्यात हे वाढलेलं क्षेत्र आजार दिसण्याआधीच सापडलं. म्हणजे काही मुलांच्या बाबतीत ही जोखीम बरीच आधीपासून असते. मूल ती निवडत नाही, आणि पालकांनी ती लाडाने निर्माण केलेली नसते.

पण "आधीपासून आहे म्हणजे होणारच" असा अर्थ काढू नका हं. जोखीम म्हणजे नशीब नव्हे. ज्याच्या घरात मधुमेह आहे त्याला तो होण्याची शक्यता जास्त. पण खाणं, चालणं, वेळेवर तपासणी यांनी बराच फरक पडतो. तसंच हेही. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की या जाळ्याची आनंदाशी संबंधित खोल भागांशी असलेली जोडणी मात्र लक्षणांबरोबर बदलत होती. म्हणजे काही गोष्टी स्थिर, तर काही बदलत्या.

८. जोडणी बदलता येते का?

ज्या जोडण्या बिघडतात त्या सुधारूही शकतात, हे अनेक वाटांनी दिसलं आहे.

*औषधे :* २०१३ मधल्या एका अभ्यासात दीर्घकाळच्या सौम्य नैराश्याच्या रुग्णांना १० आठवडे औषध दिल्यावर त्यांच्या डिफॉल्ट जाळ्यातली वाढलेली जोडणी निरोगी लोकांसारखी झाली. औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणून औषध बंद करणं, किंवा बरं वाटलं म्हणून मनानेच सोडणं, दोन्ही घातक.

*बोलण्यातून उपचार :* विचार तपासायला शिकवणारी उपचारपद्धती, आणि छोटी छोटी कामं हळूहळू दिनक्रमात परत आणण्याची पद्धत, दोन्ही परिणामकारक आहेत. आपल्या शाळेच्या भाषेत बोलायचं तर घंटा वेळेवर द्यायचा सराव.

*चुंबकीय उपचार :* डोक्याबाहेरून चुंबकीय लहरी देऊन कार्यकारी जाळ्याच्या डाव्या बाजूच्या भागाला चालना देतात. अमेरिकेत २००८ मध्ये याला मान्यता मिळाली. २०१२ मध्ये असं दिसलं, की चालना दिलेल्या जागेची चढउतार सबजेन्युअल भागाच्या जितकी उलट, तितका गुण चांगला येतो. जोडणीच्या अभ्यासाचा हा थेट उपयोग. भारतातही मोठ्या शहरांत हा उपचार मिळतो. औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांसाठी प्रामुख्याने तो वापरतात.

*मेंदूत बसवलेली तार :* २००५ मध्ये मेबर्ग आणि अँड्रेस लोझानो यांनी टोरांटोत, कशानेच बरे न झालेल्या सहा रुग्णांच्या सबजेन्युअल भागाजवळ बारीक तारा बसवल्या. सहा महिन्यांनी सहापैकी चौघांना चांगला गुण आला होता. नंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र पहिल्या सहा महिन्यांत खऱ्या आणि नुसत्या दिखाव्याच्या उपचारात ठळक फरक दिसला नाही. म्हणून हा उपचार अजून संशोधनाच्याच टप्प्यावर आहे.

९. "मग स्कॅन करून घेऊ का?"

हा प्रश्न पालक हमखास विचारतील. उत्तर स्पष्ट आहे : नाही. आज कोणत्याही एका माणसाच्या जोडणीचं चित्र बघून "याला नैराश्य आहे" किंवा "नाही" असं सांगता येत नाही. वरचे आकडे गटांच्या सरासरीचे आहेत. दहावीच्या मुली सरासरीने मुलांपेक्षा जास्त गुण मिळवतात, म्हणून गुणपत्रिका बघून ती मुलाची की मुलीची हे ओळखता येईल का? तसंच हे. डॉक्टर कधी एमआरआय सांगतात ते दुसरा आजार नाही ना याची खात्री करायला. थायरॉइड, रक्तक्षय, जीवनसत्त्वांची कमतरता यांच्या तपासण्याही त्याचसाठी. नैराश्याचं निदान आजही मुलाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलूनच होतं. "मेंदूचा नकाशा काढून मूल कसं घडेल ते सांगतो" असं म्हणणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा.

१०. शाळेत आणि घरी काय करावं?

१) दोन आठवड्यांचा नियम लक्षात ठेवा. बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकला, आणि खाणं, झोप, अभ्यास, मैत्री यांतल्या एकाहून अधिक गोष्टी बिघडल्या, तर डॉक्टरांकडे जाण्याची वेळ झाली. मरणाची भाषा आली तर मात्र दोन दिवसही थांबू नका.

२) शेरा नको, निरीक्षण नोंदवा. "आळशी झालाय" याऐवजी "तीन आठवड्यांपासून डबा परत जातो, पहिल्या तासाला झोपतो, कबड्डीला येत नाही." अशी नोंद पालकांना पटते आणि डॉक्टरांनाही उपयोगी पडते.

३) काम लहान करा. थकलेल्या कार्यकारी जाळ्याला "धडा पूर्ण कर" झेपत नाही. "पहिली दोन गणितं कर, मग मला दाखव" हे झेपू शकतं. फळ्यावर पायऱ्या लिहून द्या. मुदत वाढवून द्या, पण कामातून पूर्ण वगळू नका.

४) चघळण्यातून बाहेर काढा, उपदेशाने नव्हे, कृतीने. "नको विचार करूस" म्हणून विचार थांबत नाहीत. सोबत चालायला जाणं, झाडांना पाणी घालणं, वाचनालयातली पुस्तकं लावायला मदतीला घेणं, अशी हाताला काम देणारी आणि कुणाची तरी सोबत असलेली गोष्ट उपयोगी पडते.

५) झोप सांभाळा. पहाटे पाचची शिकवणी आणि रात्री बारापर्यंत मोबाइल, यातून कोणतंच जाळं नीट चालणार नाही.

६) थेट विचारायला घाबरू नका. "तुला कधी जगणं नकोसं वाटतं का?" असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं याने मुलाला मोकळं वाटतं. उत्तर "हो" आलं, तर मुलाला एकटं सोडू नका आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. पालकांना लगेच कळवा. घरीच त्रास आहे असं मूल सांगत असेल, तर मुख्याध्यापक आणि समुपदेशक यांच्याशी बोलून पुढचं ठरवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. शासनाची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक आज सूचनाफलकावर लावा.

७) पालकांशी बोलताना दोष नको. "तुम्ही वेळ देत नाही" या वाक्याने आई-वडील बंद होतात. "हा आजार आहे, यावर उपचार आहेत, आणि आपण मिळून करू" या वाक्याने दार उघडतं.

थोडक्यात

- नैराश्य मेंदूच्या एका बिंदूत नसून अनेक जाळ्यांच्या ताळमेळात दिसतं.
- स्वतःबद्दलच्या विचारांचं, लक्ष देण्याचं आणि महत्त्व ठरवण्याचं अशी तीन जाळी यात मुख्य आहेत.
- अभ्यासांचे निष्कर्ष पूर्ण जुळत नाहीत. नैराश्याचे अनेक प्रकार असावेत.
- स्कॅनने निदान होत नाही, बोलण्यातून होतं.
- जोडणी बदलू शकते. उपचार लवकर सुरू झाले तर फायदा मुलाचाच.

चर्चेसाठी प्रश्न (शिक्षक गटसभा किंवा पालकसभेसाठी)

१) "दोन मुलांची हजेरी जुळते" आणि "एकामुळे दुसरा गैरहजर राहतो" या दोन विधानांत फरक काय? रोजच्या जगण्यातली अशी आणखी दोन उदाहरणे द्या.
२) आपल्या शाळेत नोंदवल्या जाणाऱ्या शेऱ्यांपैकी कोणते शेरे निरीक्षण आहेत आणि कोणते निकाल?
३) एखाद्या मुलात वरील लक्षणे दिसली, तर आपल्या शाळेत पहिल्या दिवशी कोण कोणाशी बोलेल? हे आजच ठरवून लिहून ठेवा.

मेंदूच्या जाळ्यांचं संशोधन अजून अर्ध्या वाटेवर आहे. पण पुढचा नकाशा येईपर्यंत थांबायची आपल्याला गरज नाही. वर्गात मागच्या बाकावर शून्यात बघत बसलेलं मूल कदाचित त्या न संपणाऱ्या सुट्टीत एकटंच अडकलेलं असेल. उद्या तास संपल्यावर त्याच्याजवळ दोन मिनिटं बसा आणि विचारा, "कसा आहेस रे बाळा?" आणि मग त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा.